ख्रिस्ती साधनेंतील नेम व पावित्र्य

पावित्र्य हा शब्द मराठी घरांत परका नाहीं. सकाळचें स्नान, देवघरांतील समई, वळणीवर निराळें वाळत घातलेलें सोवळें, एकादशीचा उपवास, आषाढीची वारी, ह्या सर्वांशीं तो शब्द इतका जडलेला आहे कीं, त्याचा अर्थ वेगळा विचारावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु तोच शब्द ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडीं येतो तेव्हां त्यास काय अभिप्रेत असतें, आणि तें पावित्र्य आपल्या अंगीं यावें म्हणून तो दररोज काय करितो, ह्याची माहिती त्याच्या शेजारीं वर्षानुवर्षें राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांसही बेताचीच असते. नाताळांतील कंदील व रविवारची घंटा ह्यांपलीकडे ती क्वचितच जाते.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. देवपूजा चुकत नाहीं, उपवास मोडत नाहीं, पोथीचें पान राहत नाहीं. तरीही घरच्या मोलकरणीशीं बोलतांना जिभेची धार कमी होत नाहीं, असा अनुभव कोणत्या धर्माच्या घरांत येत नाहीं? नेम वाढतात आणि माणूस मात्र होता तेथेंच राहतो. असें कां व्हावें, आणि नेमानें माणूस खरोखर पालटावा यासाठीं काय करावें, हा प्रश्न ख्रिस्ती साधकांपुढेंही आरंभापासून उभा आहे. त्यांनीं त्याचें उत्तर कसें शोधलें, व महाराष्ट्रांत, विशेषतः साताऱ्याच्या बाजूस, त्या शोधास कोणतें रूप आलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. बायबलाच्या जुन्या करारांत ‘पवित्र’ या अर्थीं जो हिब्रू शब्द येतो, त्याचा मूळ भाव ‘वेगळें काढून ठेवलेलें’ असा आहे. पूजेचें पळी-पंचपात्र आपण स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळत नाहीं, तसेंच हें. येथवर सोवळ्याची कल्पना व ही कल्पना जवळजवळ सारख्याच दिसतात. फरक पुढें पडतो. येशूच्या चरित्रांत एका कुष्ठरोग्याची कथा आहे. त्या काळच्या यहुदी नियमाप्रमाणें कुष्ठी हा अशुद्ध गणला जाई व त्याचा स्पर्श टाळला जाई. येशूनें त्यास हात लाविला, आणि तो बरा झाला. विटाळ रोग्याकडून येशूकडे आला नाहीं. पावित्र्य येशूकडून रोग्याकडे गेलें. ह्या एका कथेंत ख्रिस्ती कल्पनेचें सार आहे. वेगळें व्हावयाचें तें देवाच्या कामासाठीं, आणि देवाचें काम तर माणसांतच असतें. म्हणून ज्या पावित्र्यानें माणसें दूर सारावीं लागतात, त्या पावित्र्याविषयीं ख्रिस्ती साधकानें साशंक असावें, अशी ही शिकवण आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, पावित्र्य हें मनुष्याच्या कष्टाची मजुरी आहे असें ख्रिस्ती धर्म मानीत नाहीं. तें देवाचें दान आहे, कृपा आहे. मग साधना कशाला? माणदेशांतील मनुष्यास ह्याचें उत्तर लांब शोधावें लागणार नाहीं. आटपाडीचा मुलूख अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध. माण नदीवर राजेवाडीचा मोठा तलाव एकोणिसाव्या शतकांत बांधला गेला. त्या तलावाच्या बांधानें पाऊस पडत नाहीं. पाऊस पाडणें कोणाच्याही हातीं नाहीं. परंतु बांध नसेल तर पडलेलें पाणी माणगंगेच्या वाळूंतून भीमेकडे निघून जाईल आणि शेत कोरडेंच राहील. साधना म्हणजे हा बांध होय. तो बांधणाऱ्यास पावसाचा मालक होतां येत नाहीं. पण आलेला पाऊस त्याच्या हातून वाया जात नाहीं. बांधाची उंची सांगून जो शेजाऱ्यापुढें मिरवितो, परंतु ज्याच्या तलावांत पाणी नाहीं, त्याची काय किंमत, हें माणदेशांतील कोणीही शेतकरी सांगेल.

हा बांध कसा घालतात? औंध संस्थानाच्या काळीं आटपाडी हा त्या संस्थानाचा एक तालुका होता, आणि तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. एका दिवसाच्या शंभर नमस्कारांनीं छाती रुंदावत नाहीं. रोजच्या थोड्या नमस्कारांनीं ती रुंदावते. ख्रिस्ती तपस्येस युरोपीय भाषांत जो शब्द रूढ आहे, तो ज्या ग्रीक शब्दापासून निघाला त्याचा मूळ अर्थही मल्लांचा व्यायाम असाच होता. तेव्हां साधना म्हणजे कांहीं विलक्षण पराक्रम नसून रोजचा, बेताचा, न चुकणारा सराव आहे, ही गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. ह्या सरावाचीं मुख्य अंगें पांच सांगतां येतील.

पहिलें अंग प्रार्थना. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट ह्यानें मठवासी लोकांसाठीं जो नियम लिहिला, त्यांत दिवसाचे सात व रात्रीचा एक असे प्रार्थनेचे प्रहर ठरवून दिले आहेत, आणि एका आठवड्यांत दीडशें स्तोत्रें म्हणून पुरीं व्हावींत अशी वांटणी केली आहे. गृहस्थाश्रमी मनुष्यास इतकें साधणें शक्य नाहीं. त्याच्यासाठीं सकाळ व रात्र ह्या दोन वेळा पुरेशा मानिल्या आहेत. पूर्वेकडील ख्रिस्ती मठांतून येशूच्या नांवाची एक लहानशी प्रार्थना श्वासाबरोबर पुनःपुन्हां म्हणण्याची चाल आहे व त्यासाठीं गांठींची दोरी हातीं असते. रोमन कॅथलिक पंथांत जपमाळ आहे. नामस्मरणाची गोडी ज्यांनीं ज्ञानेश्वर-तुकारामांपासून घेतली आहे, त्यांस ह्यांत नवल वाटूं नये. प्रार्थना करणाऱ्यानें आपल्या खोलींत जावें व दार लावून घ्यावें, असें येशूनें शिष्यांस सांगितलें होतें. प्रार्थना लोकांच्या नजरेसाठीं होऊं नये एवढाच त्याचा हेतु.

दुसरें अंग वाचन. येथें वाचन म्हणजे माहिती मिळविणें नव्हे. बाराव्या शतकांतील गिगो नांवाच्या एका फ्रेंच मठाधिपतीनें ह्या वाचनास चार पायऱ्यांच्या शिडीची उपमा दिली आहे: प्रथम थोडासा उतारा वाचावा, मग त्यावर मनन करावें, मननांतून प्रार्थना उठावी, आणि शेवटीं शब्द थांबून केवळ देवाच्या सन्निध बसावें. आपल्याकडील श्रवण, मनन व निदिध्यासन ह्यांशीं ही शिडी किती जुळते हें निराळें सांगावयास नको. मराठी भाषेंत तर ह्या श्रवणाची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आला आणि त्यानें लिहिलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सणावारीं व रविवारीं देवळांत वाचला जाई. परदेशांतून आलेल्या माणसानें बायबलाची कथा ओवींतून सांगितली, कारण मराठी कान ओवी ऐकूनच वाढले आहेत हें त्यानें ओळखलें होतें.

तिसरें अंग उपवास. ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचा जो उपवासकाळ पाळतात, त्यांत रविवार मोजत नाहींत. ह्या काळांत कोणी एकभुक्त राहतो, कोणी मांस वर्ज्य करितो, कोणी आवडीचा एखादा पदार्थ सोडतो. येशूची ह्या बाबतींतील सूचना मोठी मार्मिक आहे. उपवास करणाऱ्यानें तोंड धुवावें, डोक्यास तेल लावावें व प्रसन्न दिसावें, म्हणजे हा उपाशी आहे असें कोणास कळूं नये. उपवासाच्या दिवशीं घरांतील सर्व माणसांनीं ज्याच्या रागास भ्यावें, त्याचा उपवास पोटाचा झाला, मनाचा झाला नाहीं. शिवाय न खाल्लेलें अन्न किंवा त्याची किंमत गरिबाच्या घरीं पोंचली पाहिजे, असें चर्चच्या जुन्या आचार्यांनीं आग्रहानें सांगितलें आहे. साबुदाणा, दाणे व तूप ह्यांच्या खर्चानें उपवासाचा दिवस रोजच्या दिवसाहून महाग पडतो, हा विनोद ज्या घरांत होतो, त्या घरास हा मुद्दा तत्काळ पटेल.

चौथें अंग आत्मपरीक्षण. संत इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) हा मूळचा स्पेनचा शिपाई. लढाईंत पाय जायबंदी होऊन पडला असतांना त्याच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. पुढें त्यानें साधकांसाठीं जो अभ्यासक्रम लिहिला, तो १५४८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत दुपारीं व रात्रीं, असें दोनदां मनाचा झाडा घेण्यास सांगितलें आहे. क्रम असा: आधीं दिवसांत मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानावे, मग आपले दोष दिसावे म्हणून प्रकाश मागावा, मग एकेक तासाची उजळणी करावी, चुकल्याबद्दल क्षमा मागावी, आणि उद्यांसाठीं एक निश्चय करावा. एखादा विशिष्ट दोष घालवावयाचा असेल तर कागदावर प्रत्येक दिवसासाठीं दोन रेघा ओढून, जितक्यांदा तो दोष घडला तितके ठिपके द्यावे, असेंही त्यानें सुचविलें आहे. दुकानदार रोज रात्रीं गल्ल्याचा मेळ घालतो तसाच हा प्रकार. मात्र ह्या खात्याचा आरंभ आभारापासून होतो, हें विसरतां कामा नये. नाहीं तर आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःस छळण्याचें यंत्र होऊन बसतें.

पांचवें अंग सेवा. ऑक्सफर्ड विद्यापीठांत १७२९ च्या सुमारास जॉन वेस्ली व त्याचा भाऊ चार्ल्स ह्यांच्याभोंवतीं जमलेलें तरुणांचें मंडळ ठराविक वेळीं प्रार्थना व वाचन करी, आठवड्यांतून दोन दिवस उपवास करी, आणि तुरुंगांतील कैद्यांस भेटावयास जाई. त्यांच्या काटेकोर पद्धतीमुळें लोकांनीं थट्टेनें त्यांस ‘मेथडिस्ट’ म्हणजे पद्धतवाले असें नांव ठेविलें. सतराव्या शतकांत पॅरिसच्या एका मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचा एक साधा सेवक स्वयंपाकघरांत राबत असे. भांडीं घासतांनाही देवाच्या सन्निध राहतां येतें, हें त्यानें आपल्या आयुष्यानें दाखविलें. आपल्या जवळचें उदाहरण पाहावयाचें तर मिरजेस डॉक्टर विल्यम वॉन्लेस ह्यांनीं १८९४ मध्यें रुग्णालय सुरू केलें, आणि दक्षिण महाराष्ट्रांतील असंख्य रोग्यांनीं तेथील शस्त्रक्रियेचा लाभ घेतला. तेथें प्रार्थना व शस्त्रक्रिया ह्या दोन निराळ्या वस्तु समजल्या जात नसत.

हीं पांच अंगें ऐकून कोणी म्हणेल, हेंही एक कर्मकांडच झालें. सोवळ्याच्या जागीं दुसरें सोवळें आलें. आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर आटपाडीजवळच सांपडतें. तें उदाहरण ख्रिस्ती नव्हे, तरी येथें उपयोगी पडतें. पोलंडमध्यें एका ज्यू घरांत जन्मलेले मॉरिस फ्रीडमन नांवाचे इंजिनिअर औंधच्या राजांचे सहकारी झाले होते. त्यांच्या प्रेरणेनें १९३९ च्या सुमारास संस्थानानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत उभारली. गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेले कैदी तेथें भिंतींवांचून व बेड्यांवांचून शेती करून राहूं लागले. संस्थान विलीन झाल्यावरही सरकारनें ही वसाहत चालू ठेविली. तिच्यावरूनच ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट व्ही. शांताराम ह्यांनीं १९५७ मध्यें काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकरांचा जन्म आटपाडी तालुक्यांतील शेटफळें येथला.

नेहमींच्या तुरुंगांत माणूस आंत राहतो तो भिंतीमुळें. स्वतंत्रपुरांत तो राहिला तो दिलेल्या शब्दामुळें. बाहेरून पाहणाऱ्यास दोघेही ठराविक वेळीं उठतात, ठराविक काम करितात, ठराविक हद्दींत राहतात. परंतु एकाचें मन भिंतीकडे लागलेलें असतें व दुसऱ्याचें शेताकडे. नेमाचेंही असेंच आहे. भयापोटीं किंवा लौकिकापोटीं पाळलेला नेम ही भिंत होय. प्रेमानें स्वतः होऊन घेतलेला नेम हा दिलेला शब्द होय. ख्रिस्ती साधकास नेम मोडल्यास प्रायश्चित्ताची मोजदाद करण्यापेक्षां उठून पुन्हां चालूं लागावयास सांगितलेलें आहे, तें ह्याचसाठीं.

नेमाच्या ह्या दोन रूपांमधील झगडा महाराष्ट्रांत एका घराण्याच्या आयुष्यांत जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल. तें घराणें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें. टिळकांचा जन्म १८६१ मध्यें कोंकणांत करजगांव येथें चित्पावन कुळांत झाला. १८९३ मध्यें नागपूरहून राजनांदगांवकडे जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला व तो वाचण्याचें वचन घेतलें. दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेंही तो बोलला. टिळकांनीं शब्द पाळला. वाचतां वाचतां ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं आले, आणि तेथून त्यांचें मन हालेना. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. रोजच्या वाचनाच्या एका साध्या वचनानें एवढा पालट घडविला.

पण ह्या पालटाची किंमत केवळ त्यांनीं दिली नाहीं. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास पतीपासूनची ताटातूट व नातलगांचे बोल आले. त्यांच्या पुढील आयुष्याची कहाणी ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत आहे. तो १९३४ ते १९३६ ह्या काळांत चार भागांत प्रसिद्ध झाला. त्यांत आरंभींच त्यांनीं आपल्या वडिलांच्या सोवळ्याचें वर्णन केलें आहे. बाजारांतून आलेली प्रत्येक वस्तु धुतल्याखेरीज घरांत घ्यावयाची नाहीं, असा त्या घरचा दंडक. त्या वेडानें घरांतील माणसांचे किती हाल झाले, हें त्या हंसत हंसत सांगतात आणि वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या तरी आरंभीं त्यांनीं आपलें अन्नपाणी वेगळें ठेविलें होतें. कोणीं आग्रह केला म्हणून तें सोवळें सुटलें नाहीं. स्वतः विचार करून, जातीचा भेद माणसानें निर्मिलेला आहे अशी खात्री पटल्यावर, त्यांनीं तें आधीं टाकिलें, आणि त्यानंतर १९०० मध्यें राहुरी येथें बाप्तिस्मा घेतला. पावित्र्य म्हणजे माणसांपासून दूर राहणें, ह्या कल्पनेकडून माणसांस जवळ करणें ह्या कल्पनेकडे एक स्त्री आपल्या पायांनीं चालत गेली. एवढा प्रवास कोणत्याही प्रवचनानें घडवून आणतां आला नसता.

टिळक साधुपुरुष खरे, पण सिद्धपुरुष नव्हते. त्यांचा स्वभाव तापट होता, हात सढळ होता, आणि लहर आली कीं मागचा-पुढचा विचार राहत नसे. लक्ष्मीबाईंनीं हें सर्व मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. ह्या मोकळेपणानें टिळकांचा मोठेपणा कमी होत नाहीं. उलट साधना हा चालण्याचा विषय आहे, पोंचून बसण्याचा नाहीं, हें त्यावरून कळतें. कित्येक वर्षें मिशनच्या आश्रयानें काम केल्यावर १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नांवानें एक नवें मंडळ आरंभिलें. त्या दरबाराचें दार बाप्तिस्मा घेतलेल्यांस जसें उघडें होतें, तसेंच बाप्तिस्मा न घेतां ख्रिस्तावर भक्ति ठेवणाऱ्यांसही होतें. परदेशी संस्थेच्या पैशावर न चालतां येथल्या मातींतून, भजन, कीर्तन व अभंग ह्यांच्या द्वारां ख्रिस्तभक्ति वाढावी, अशी त्यांची तळमळ होती. संन्याशाच्या घरींही चूल पेटावी लागते. त्या चुलीची काळजी अर्थातच घरधनिणीस सोडीत नाहीं.

दरबारास फार आयुष्य लाभलें नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें निधन झालें, आणि त्यांच्याबरोबर तो प्रयोगही ओसरला. परंतु त्यांनीं रचलेलीं भजनें मराठी मंडळ्यांच्या उपासनेंत राहिलीं. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांनीं आरंभिलेलें महाकाव्य, जिचें रीतसर शालेय शिक्षण झालें नव्हतें त्या लक्ष्मीबाईंनीं पुढें नेऊन पुरें केलें. संस्था गेली, पण उपासनेची रीत राहिली. टाळ-मृदंगाच्या साथीनें ख्रिस्ती कीर्तन उभें राहूं शकतें, व वारकऱ्याच्या ओठांवर बसणाऱ्या छंदांत येशूची आळवणी होऊं शकते, हें टिळकांनीं दाखवून दिलें. मराठी ख्रिस्ती मनुष्याची साधना त्यामुळें उसनी राहिली नाहीं.

साधनेंत भावनेचा पूर आला तर काय करावें, ह्याचा धडा पुण्याजवळ केडगांवीं मिळतो. तेथें पंडिता रमाबाईंनीं दुष्काळांत निराधार झालेल्या स्त्रिया व मुली ह्यांच्यासाठीं मुक्तिसदन उभारलें होतें. १९०५ च्या आरंभीं तेथील सुमारें सत्तर जणी रोज एकत्र प्रार्थना करूं लागल्या. त्यांची संख्या वाढत वाढत शेंकड्यांवर गेली, आणि त्या वर्षाच्या जून महिन्यांत सर्व सदनांत प्रार्थनेची एक मोठी लाट उसळली. मुली रडूं लागल्या, मोठ्यानें पापांची कबुली देऊं लागल्या. दूरदूरचे लोक तो प्रकार पाहावयास आले. अशा लाटा येतात व ओसरतात. रमाबाईंचें खरें वैशिष्ट्य असें कीं, लाटेपूर्वीं सदनांत जें विणकाम, शेतकाम, शिक्षण व छपाई चालू होती, ती लाटेनंतरही चालूच राहिली. त्या स्वतः तर हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून साध्या मराठींत बायबल उतरविण्याच्या कामांत वर्षानुवर्षें गढून गेल्या. १९२२ च्या एप्रिलांत त्यांचा अंत झाला; तें संपूर्ण भाषांतर १९२४ मध्यें सदनाच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. अश्रु हे साधनेचें एक फळ असेल, परंतु तिची कसोटी नव्हे. अश्रु पुसल्यावर हात कोणत्या कामास लागतात, हें पाहावयाचें असतें.

आतां सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतां येईल. नेम चालू असून माणूस पालटत नाहीं, ह्याचीं कारणें ख्रिस्ती साधकांनीं मुख्यतः तीन सांगितलीं आहेत. पहिलें दाखवेगिरी: नेम लोकांसाठीं होतो, म्हणून त्याचें फळही लोकांच्या स्तुतींतच संपतें. दुसरें हिशेबीपणा: इतक्या प्रार्थना झाल्या, इतके उपवास झाले, आतां देव माझे देणें लागतो, अशी भावना होते. तिसरें, आणि सर्वांत सूक्ष्म, म्हणजे साधना एका खोलींत व आयुष्य दुसऱ्या खोलींत ठेवणें. सकाळच्या प्रार्थनेंत जें ओठांवर आलें, तें दुपारीं कचेरींत हाताखालच्या कारकुनाशीं बोलतांना आठवलें नाहीं, तर बांध आहे पण पाट नाहीं. तलाव भरला तरी शेत वाळेल.

ह्यावर त्यांनीं सांगितलेला उपाय अगदीं साधा आहे. नेम थोडे घ्यावे, पण ते चुकूं देऊं नयेत. त्यांचा बोभाटा करूं नये. रात्रीं मनाचा झाडा घेतांना ‘आज किती प्रार्थना केली’ हें विचारण्याऐवजीं ‘आज माझ्यामुळें कोणास बरें वाटलें आणि कोणास दुखलें’ हें विचारावें. ज्यास दुखलें असेल त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीं जावें. देवापुढें अर्पण घेऊन गेलेल्या मनुष्यास भावाशीं असलेलें भांडण आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, असें येशूनें सांगितलें आहे. तेव्हां ही पायरी वगळून पुढें जाण्याची सोय ख्रिस्ती साधकास नाहीं. आणि आपण कितपत पालटलों, ह्याचा निवाडा स्वतः करूं नये. तो घरांतील माणसांवर सोंपवावा, कारण त्यांना फसवितां येत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं टिळकांच्या गुणांबरोबर त्यांचे दोषही प्रेमानें लिहिले, ह्याहून अधिक प्रामाणिक दाखला कोणत्या साधकास मिळावा?

ह्या साधनेंतील सर्वच गोष्टी प्रत्येकास पटतील असें नाहीं, व त्या पटवून घेण्यासाठीं कोणास आपला धर्म सोडावा लागतो असेंही नाहीं. परंतु ज्या घरांत समई लागते, त्या घरांतही दिवस संपतांना पांच मिनिटें शांत बसतां येतें, आभार मानतां येतात, एक चूक आठवतां येते, आणि सकाळीं उठून ती दुरुस्त करण्यासाठीं एखाद्याच्या दारापर्यंत चालत जातां येतें. तेवढें चालणें नेमानें घडूं लागलें, तर बाकीचे नेम कशासाठीं असतात हें निराळें समजावून सांगण्याची गरज उरणार नाहीं.